कारखानदार भाऊंनो, मुहूर्ताच्या खरेदीआधी एकदा पॅनल उघडा

खान्देशातले जिनिंग-प्रेसिंगवाले, डाळमिलवाले, चटई आणि पाइपचे कारखानदार, वेल्डिंगची वर्कशॉप चालवणारे, सगळ्यांना राम राम.

मी टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेला लाइनमन. खांबावर चढणं आणि खड्ड्यात उतरून केबलचे सांधे बांधणं, यातच माझी नोकरी गेली. चोपडा आणि धरणगावच्या मधे, तापीकाठी आमचं गाव. गावात माझ्या पुतण्याचं सेवा केंद्र आहे. सातबारा, दाखले, विम्याचे अर्ज, मुलांच्या स्कॉलरशिपचे फॉर्म, आधारवर पैसे काढणं, सगळं तिथेच होतं. त्याचं इंटरनेट अजून तांब्याच्या तारेवर चालतं. त्या तारेने गेल्या दोन हंगामांत आम्हाला काय भोगायला लावलं आणि शेवटी दुखणं एका कारखान्याच्या विजेच्या पॅनलमध्ये कसं सापडलं, ते तुम्हाला सांगायचं आहे. पत्रात तक्रार आहे, पण ते भांडण समजू नका. आमची पोरं तुमच्याकडे कामाला आहेत आणि आमचा कापूस तुमच्याच काट्यावर येतो.

दसरा झाला आणि गावाबाहेरची जिनिंग सुरू झाली की केंद्रातलं नेट मरायचं. पूर्ण बंद पडलं असतं तर बरं, दोष लवकर सापडला असता. मोडेमवरचा हिरवा दिवा लुकलुकायचा, मग स्थिर व्हायचा, पाच-सात मिनिटं काम चालायचं आणि पुन्हा लुकलुकायला लागायचा. घरातल्या फोनवर बोलताना मागे भुंग्यासारखी घरघर. माझ्या वहिनी पुण्याच्या लेकीशी बोलताना फोन कानापासून वीतभर लांब धरायच्या.

31 ऑक्टोबर ही केळीच्या फळपीक विम्याची शेवटची तारीख. त्या दिवशी दुपारी पुतण्यासमोर वीस-बावीस शेतकरी बसलेले. शेजारच्या गावचे एक म्हातारबाबा सकाळी नऊपासून आलेले. त्यांचा अर्ज भरून झाला, खात्यातून हप्ता कापला गेला, आणि पावतीचं पान उघडता उघडता दिवा लुकलुकला. पैसे गेले, पावती नाही. बाबांनी मोबाईलवरचा बँकेचा मेसेज पुन्हा पुन्हा बघितला. दर दहा मिनिटांनी खिडकीशी येऊन एकच विचारायचे, "भाऊ, उनी का पावती?" पुतण्या मान हलवायचा. संध्याकाळी साडेसातला जिनिंगची पाळी सुटली आणि पुढच्या दहा मिनिटांत पावती निघाली. बाबांनी ती घडी करून टोपीत ठेवली आणि शेवटची एसटी गेली म्हणून कुणाच्या तरी मोटारसायकलवर बसून घरी गेले. म्हातारा माणूस साडेदहा तास ताटकळला. त्या रात्री मी ठरवलं की हे प्रकरण आता आपणच हातात घ्यायचं.

त्याआधी आम्ही सगळे दरवाजे ठोठावून झाले होते. फोन कंपनीचा माणूस आला, लाइन तपासून "ओके" म्हणाला. तो आला होता दुपारी दीड वाजता, म्हणजे जिनिंगच्या जेवणाच्या सुटीत. वीजवाल्यांनी व्होल्टेज मोजलं, ते बरोबर निघालं. जिनिंगच्या शेठनी सांगितलं की आमचं कनेक्शन कायदेशीर आहे, बिल वेळेवर भरतो, तुमच्या नेटशी आमचा काय संबंध. तिघंही आपापल्या जागी खरं बोलत होते, आणि आमचा दिवा लुकलुकतच होता.

मी वही घातली. नेट कधी तुटलं, कधी आलं, मिनिटासह लिहायला पुतण्याला सांगितलं. आठ दिवसांत चित्र स्पष्ट झालं. एक ते दोन शांत. रात्री पाळी सुटल्यावर शांत. गुरुवारी बाजाराच्या दिवशी जिनिंग बंद, तर दिवसभर शांत. मोडेमच्या पानावर सिग्नल आणि गोंगाट, म्हणजे तारेत बाहेरून घुसणारी विजेची खळबळ, यांच्यातलं अंतर डेसिबलमध्ये दिसतं, त्याला मार्जिन म्हणतात. साधारण 6 डेसिबल तरी हवं. जिनिंग बंद असताना आमचं 13-14 असायचं, चालू झाली की 3-4 वर यायचं.

पण तुमच्याकडे येण्याआधी मी आमच्या बाजूचा दोष शोधला, हे मुद्दाम सांगतो. टेलिफोनची जोडी पीळ घातलेली असते ती उगाच नाही. बाहेरचा गोंगाट दोन्ही तारांवर सारखाच बसतो, मोडेम दोन तारांमधला फरक तेवढा वाचतो, आणि सारखं असलेलं आपोआप वजा होतं. यासाठी दोन्ही तारा तंतोतंत सारख्या लागतात. एका तारेचा सांधा गंजला किंवा एक तार कुठे ओलीत जमिनीला लागली, की तोल गेला आणि गोंगाट आत आला. आमच्या पेअरमध्ये डीपी बॉक्समध्येच एक सांधा हिरवा पडलेला निघाला. (गावात डीपी म्हटलं की लोक ट्रान्सफॉर्मर समजतात, आमच्या खात्यात डीपी म्हणजे खांबावरची टेलिफोनची पेटी.) त्याहून वाईट म्हणजे खांबापासून केंद्रापर्यंतची ड्रॉप वायर जुनी, चपटी, दोन तारा समांतर असलेली होती. तिला पीळच नाही, म्हणजे ती जवळजवळ अँटेनाच. ती काढून पिळाची वायर ओढली, सांधा नवा केला. मार्जिन दोनेक डेसिबलने सुधारलं. दिवा लुकलुकायचा थांबला नाही.

मग मी पेटीतून जुना खिशातला रेडिओ काढला. नव्या पोरांना हे हसण्यासारखं वाटेल, पण तांब्यावरच्या इंटरनेटसाठी यापेक्षा स्वस्त यंत्र नाही. मीडियम वेव्हचा पट्टा 531 पासून 1602 किलोहर्ट्झपर्यंत असतो. एडीएसएल-2 प्लस हे आमचं इंटरनेट त्याच तारेवरून 2200 किलोहर्ट्झपर्यंत चालतं. म्हणजे रेडिओ जिथे ऐकतो तिथेच मोडेमही ऐकतो. दोन स्टेशनच्या मधे, रिकाम्या जागी काटा ठेवायचा आणि केबलच्या मार्गाने चालायचं. केंद्रापाशी बारीक किरकिर. मारुतीच्या पारापाशी जास्त. जिनिंगच्या कंपाउंडपाशी रेडिओ एवढा ओरडायला लागला की मी आवाज कमी केला. तिथे टेलिफोनची केबल भिंतीवर चढून पलीकडे जाते. नीट बघितलं तर कुणीतरी कारखान्याची मोटरची केबल त्याच पाइपाला, त्याच केबलीशेजारी, बाइंडिंग तारेने बांधून टाकलेली. जवळजवळ चाळीस मीटर दोघी एकमेकींना चिकटून गेलेल्या.

शेठना मी हात जोडून सांगितलं की पाच मिनिटं फक्त एक मशीन बंद-चालू करा आणि रेडिओ ऐका. त्यांचं मोठेपण, त्यांनी ऐकलं. वायरमनने जिनला कापूस भरवणाऱ्या ऑटो फीडरचा ड्राइव्ह बंद केला, रेडिओ गप्प झाला. चालू केला, ओरडला. तीनदा केलं. शेठ म्हणाले, "काका, हे मला कुणी कधी दाखवलंच नाही."

ड्राइव्ह, म्हणजे मोटरचा वेग कमीजास्त करणारा व्हीएफडी, आता तुमच्या सगळ्यांकडे आहे. जिनच्या फीडरला आहे, डाळमिलच्या एलेव्हेटरला आहे, चटईच्या एक्सट्रूडरला तर आहेच. वीज वाचते, मोटर झटका न घेता उठते, चांगलीच वस्तू आहे. ती काम कशी करते तेवढं समजून घ्या. 415 व्होल्टची थ्री फेज वीज ती आधी सरळ करते, त्याचे साधारण 585 व्होल्ट डीसी होतात. मग ते डीसी ती सेकंदाला दोन हजार ते सोळा हजार वेळा कापते आणि तुकडे मोटरला देते. प्रत्येक तुकडा मायक्रोसेकंदाच्याही छोट्या भागात शून्यावरून पाचशे-साडेपाचशे व्होल्टवर उडी मारतो. ज्या उडीला वेळ कमी, तिचा गोंगाट वरच्या फ्रिक्वेन्सीपर्यंत पसरतो, थेट मेगाहर्ट्झमध्ये. आणि आमचा इंटरनेटचा सिग्नल तीन किलोमीटरवरच्या एक्सचेंजमधून येता येता मिलिव्होल्टमध्ये किंवा त्याहून कमी उरलेला असतो. पाचशे व्होल्टच्या उड्या मारणारी केबल त्याला चाळीस मीटर चिकटलेली. तुम्हीच विचार करा.

फोनमधली घरघर हा याचाच दुसरा भाग. ड्राइव्ह लाइनमधून वीज सलग ओढत नाही, ठोक्याठोक्याने ओढतो. त्यातून पाचवा आणि सातवा हार्मोनिक, म्हणजे 50 हर्ट्झच्या मूळ विजेच्या पाचपट आणि सातपट सूर, निघतो, 250 आणि 350 हर्ट्झचा. हे कानाला सरळ ऐकू येणारे सूर आहेत. वेल्डिंग मशीन, ठिणग्या मारणारा कॉन्टॅक्टर (मोटर चालू-बंद करणारा स्विच), घासलेल्या कार्बन ब्रशची मोटर, यांचा गोंगाट वेगळा, तुटक. तो फोनवर कडकड करतो आणि नेटचे तुकडे पाडतो.

मग वायरमनने मेन स्विच पाडला. आम्ही दहा मिनिटं थांबलो. कृपा करून तुम्हीही थांबा, बंद केल्यावरही ड्राइव्हच्या कपॅसिटरमध्ये जीव घेण्याइतका करंट काही मिनिटं राहतो. पॅनल उघडलं तेव्हा दोन गोष्टी दिसल्या, आणि माझी खात्री आहे की खान्देशातल्या निम्म्या तरी पॅनलमध्ये त्या सापडतील.

पहिली, अर्थिंग. तार होती, पण तिचा लग, म्हणजे टोकाचा धातूचा तुकडा, रंगावरच पिळलेला, खाली गंज, बोटाने हलत होता. अर्थ पिट, म्हणजे अर्थिंगचा खड्डा, गेल्या उन्हाळ्यापासून कुणी उघडलेला नव्हता. आपली काळी माती पावसाळ्यात अर्थिंगला सोन्यासारखी, पण फेब्रुवारीनंतर तिला भेगा पडतात आणि पिट कोरडा पडतो. त्यात महिन्यातून दोन बादल्या पाणी घालणं कुणाला जड पडतं?

दुसरी गोष्ट मला जास्त लागली. बऱ्याच ड्राइव्हच्या आत गोंगाट गाळणारा फिल्टर कंपनीच बसवून देते. तो जमिनीशी जोडणारा एक छोटा स्क्रू असतो, ईएमसीचा (एका यंत्राच्या गोंगाटाने दुसऱ्याला त्रास होऊ नये, ती ईएमसी). फिल्टरमधून थोडा करंट अर्थकडे जातो, त्यामुळे कधीकधी ईएलसीबी, म्हणजे करंटची गळती दिसली की वीज तोडणारा स्विच, पडतो. तर वायरमन काय करतात, तो स्क्रूच काढून टाकतात. ईएलसीबी पडायचा थांबतो, शेठ खूश, आणि तुम्ही पैसे मोजून घेतलेला फिल्टर त्या दिवसापासून बंद. इथेही तेच झालेलं. स्क्रू पॅनलच्या तळाशी एका प्लास्टिक पिशवीत ठेवलेला सापडला. वायरमनचा दोष मी म्हणणार नाही, त्याला कुणी शिकवलं नाही. ड्राइव्हसाठी वेगळ्या प्रकारचा ईएलसीबी मिळतो, तो लावायचा असतो.

लग घासून घट्ट केला, स्क्रू परत बसवला, अर्थ पिटात पाणी घातलं. मोटरची केबल भिंतीवरून काढून दुसऱ्या बाजूने नेली, पुढे शेठनी ती शिल्डवाली टाकून घेतली. शिल्ड दोन्ही टोकांना क्लँपने गोल आवळली, जाळीला पीळ घालून शेपटीसारखी काढून नाही. ड्राइव्हची कॅरियर फ्रिक्वेन्सी, म्हणजे डीसी कापण्याचा वेग, बारा किलोहर्ट्झवर ठेवलेली होती ती चारवर आणली. मोटर थोडी गुणगुणते, पण जिनच्या आवाजात ती कुणाला ऐकू येणार? त्या संध्याकाळी भर पाळीत मार्जिन 12 दिसलं. पुतण्या मोडेमसमोर अर्धा तास नुसता बसून होता. वहिनींनी लेकीला फोन लावला आणि कानाला टेकवून बोलल्या.

शेठच म्हणाले, "काका, बाकीच्यांनाही सांगा." म्हणून हे पत्र.

तुमच्याकडे पॉवर फॅक्टरची काळजी घेतली जाते, कारण तो बिघडला की बिलात दिसतं. गोंगाटाचा आकडा कुठल्याच बिलात येत नाही. तो दुसऱ्याच्या घरात दिसतो, कधी लुकलुकणाऱ्या दिव्यात, कधी न निघालेल्या पावतीत. म्हणून तुम्हाला कळत नाही, यात तुमचा दुष्टपणा नाही. पण आता कळलं आहे.

गोंगाटाच्या मर्यादा ठरवणारी आंतरराष्ट्रीय समिती, सीआयएसपीआर, 1934 पासून आहे. तिने यंत्रांचे दोन वर्ग केले आहेत. अ वर्ग औद्योगिक जागेसाठी, तिथे जास्त गोंगाट चालतो. ब वर्ग वस्तीसाठी, त्याची मर्यादा कडक. आता आपल्याकडची परिस्थिती बघा. जिनिंग गावाला लागून, वेल्डिंगचं दुकान घराच्या ओट्यावर, पिठाची गिरणी गल्लीत, आणि कितीतरी ठिकाणी सगळं एकाच ट्रान्सफॉर्मरवर. अ वर्गाचं यंत्र आपण ब वर्गाच्या जागेत लावून बसलो आहोत. म्हणून ड्राइव्ह घेताना लेबल वाचा, आणि वस्तीजवळ असाल तर बाहेरून वेगळा फिल्टर लावा. ड्राइव्हच्या किमतीपुढे तो खर्च जड नाही.

यात तुमचाही फायदा आहे, तो एक सांगतो. वजनकाट्याखालचा लोडसेल, म्हणजे वजन ओळखणारा भाग, पूर्ण भाराला वीस-तीस मिलिव्होल्ट देतो, त्याहून जास्त नाही. ड्राइव्हची केबल त्याच्या वायरशेजारून गेली की आकडा नाचतो. शेतकरी उभा राहून बघत असतो. दहा किलो इकडे-तिकडे दिसले की त्याच्या मनात काय येतं हे तुम्हाला माहीत आहे, आणि तुमचा काटा खरा असला तरी ते येतं.

काहीजण म्हणतील, काका, तांबं गेलं, फायबर घ्या. फायबर घ्यावंच. काचेतून प्रकाश जातो, त्याला ड्राइव्हचा त्रास नाही. पण ते अजून प्रत्येक वस्तीत पोचलेलं नाही, आणि जिथे पोचलं तिथे रस्त्याच्या कामात जेसीबीने तुटलं की आठ-आठ दिवस जोडलं जात नाही. शिवाय फायबर पेटीपर्यंत येतं, पुढे ऑफिसातली केबल, कॅमेऱ्याची केबल, मायक्रोफोनची केबल तांब्याचीच. गोंगाट जिथे जन्मतो तिथेच त्याला थांबवावं लागतं.

फोन कंपन्यांनाही माझं सांगणं आहे. दुपारच्या सुटीत लाइन तपासून ओके म्हणू नका. कारखाना चालू असताना या. चपट्या ड्रॉप वायरी बदला. एक्सचेंजमधून इंटरलीव्हिंग (माहिती विखरून पाठवणं, म्हणजे एका झटक्याने सलग तुकडा जात नाही) आणि चुकलेलं पॅकेट परत पाठवण्याची सोय चालू करता येते, वेग जरा कमी होईल पण लाइन टिकेल; ते ग्राहकाला सांगा तरी. उच्चदाब वाहिनी टाकताना टेलिफोन लाइनला त्रास होऊ नये म्हणून वीज आणि दूरसंचार खात्यांची समन्वय समिती आहे, पीटीसीसी. तिची मंजुरी लागते, मी नोकरीत ते नकाशे पाहिले आहेत. भिंतीवर बांधलेल्या मोटरच्या केबलीचा नकाशा मात्र कुणाकडे जात नाही. तिथे आपल्यालाच एकमेकांशी बोलावं लागेल.

2020 मध्ये ब्रिटनच्या वेल्स भागातल्या अॅबरहोसन नावाच्या छोट्या गावाची बातमी वाचली होती. दीड वर्ष रोज सकाळी सात वाजता अख्ख्या गावाचं इंटरनेट पडायचं. कंपनीने केबल बदलली तरी फरक नाही. शेवटी इंजिनिअर पहाटे यंत्र घेऊन गावभर फिरले, आणि सात वाजता एका घरातून गोंगाट उठला. एका माणसाचा जुना टीव्ही होता, तो सकाळी सातला लावायचा. त्याला कळल्यावर तो शरमिंदा झाला आणि टीव्ही परत कधी न लावण्याचं कबूल केलं. एक टीव्ही एवढं करतो. आपल्याकडे जिनिंगच्या हंगामात किती ड्राइव्ह एकदम चालतात?

मला तुमचं काही बंद करायचं नाही. खान्देशातून रुईच्या गाठी जातात, जळगावची डाळ आणि चटई देशभर जाते, आमची घरं त्यावर चालतात. एवढंच मागतो की मुहूर्ताची खरेदी होण्याआधी एक दिवस वायरमनला द्या. अर्थिंगचे लग, ईएमसीचा स्क्रू, केबलचा मार्ग एवढं बघायला लावा. मोटरची केबल टेलिफोनच्या केबलीपासून किमान फूटभर, जमलं तर जास्त लांब ठेवा, आणि ओलांडावीच लागली तर काटकोनात ओलांडा. वेल्डिंगवाल्यांनी परतीची तार कामाच्या तुकड्यालाच जवळ लावावी, लांबच्या लोखंडी खांबाला नाही. कॉन्टॅक्टर ठिणगी मारत असेल तर बदला.

चोपडा, धरणगाव, अमळनेर, एरंडोल, या बाजूला कुठेही बोलवा, मी रेडिओ घेऊन येईन. पैसे नकोत. एसटीचा पास माझा ज्येष्ठ नागरिकाचा आहे. फक्त मी येईन तेव्हा मशीन चालू ठेवा, आणि वायरमनला सुटी देऊ नका.

आपला,
तापीकाठचा एक निवृत्त लाइनमन